तुकड्यांचे राज्य

नृसिंहवाडीहून पंचगंगेचा पूल ओलांडला की कुरुंदवाड. आज दोन्ही गावे एकाच शिरोळ तालुक्यात आहेत. पण जुन्या संस्थानांचा नकाशा फळ्यावर लावला की मुले विचारतात, "सर, हे राज्य आहे की सांडलेली शाई?"

प्रश्न योग्य आहे. सांगली संस्थानचे सहा तालुके होते : मिरजप्रांत, कुची, मंगळवेढे, तेरदळ, शहापूर आणि शिरहट्टी. शहापूर बेळगावला खेटून, तर शिरहट्टी थेट धारवाडकडे. मिरज थोरल्या पातीचे लक्ष्मेश्वर तिथेच, शिरहट्टीच्या शेजारी. कुरुंदवाडकरांची गावेही बेळगाव-विजापूरपर्यंत विखुरलेली.

असे का झाले? पटवर्धनांना पेशव्यांनी दिला तो सरंजाम, म्हणजे फौज बाळगण्यासाठी नेमून दिलेला वसूल. जिथला वसूल मिळेल ते गाव आपले. सलग प्रदेशाची गरज कुणालाच नव्हती. पुढे भाऊबंदकीत वाटण्या झाल्या आणि तुकड्यांचेही तुकडे पडले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी या जहागिरदारांशी करार केले आणि वसुलाची वही होती तशी राज्याची सीमा होऊन बसली.

माझ्या नानीचे माहेर लक्ष्मेश्वर. ती लहानपणची ओळख सांगताना म्हणायची, "आम्ही मिरजेची रयत." मिरज तिने लग्नानंतरच पाहिले. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, पुढच्या वर्षी कोल्हापूरही आले. मग १ नोव्हेंबर १९५६ ला लक्ष्मेश्वर, शिरहट्टी, तेरदळ आणि शहापूर म्हैसूर राज्यात गेले. मंगळवेढे सोलापूर जिल्ह्यात राहिले. नानीचे माहेर आता 'परराज्यात' होते. तिला दोन्ही वेळा कुणी विचारले नाही.

जगात याहून कठीण उदाहरणे आहेत. पाकिस्तानचे दोन भाग, मध्ये सारा हिंदुस्थान. १९७१ मध्ये ते वेगळे झाले. कूचबिहारच्या सीमेवरील छिटमहालांत भारताची १११ आणि बांगलादेशाची ५१ बेटे एकमेकांच्या पोटात अडकली होती. तिथल्या माणसांना ना शाळा, ना दवाखाना, ना मतदान. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री अदलाबदल झाली, तेव्हा कुठे त्यांना देश मिळाला.

तुकड्यांत विभागलेला मुलूख चालतो. वहीतल्या वसुलापुरतीच माणसे मोजणारे राज्य चालत नाही. आता मुलांनी प्रश्न विचारला की मी आधी नकाशा बाजूला ठेवतो आणि नानीची गोष्ट सांगतो.