दोन स्टेशनांमधली पायवाट



पावसाळ्याच्या आगेमागे एखाद्या रविवारी सकाळी लोणावळा स्टेशनवर थांबलात, तर पाठीवर पिशव्या अडकवलेली शहरातली पोरंपोरी गाडीतून उतरताना दिसतील. तुंगार्लीच्या बाजूनं ती चालत सुटतात. पंधराएक किलोमीटरवर राजमाचीच्या कुशीतली उधेवाडी लागते. तिथं जेवायचं, श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले बघायचे, कोंढाणे लेण्यांवरून खाली कोकणात उतरायचं आणि कर्जतला परतीची गाडी धरायची. एका स्टेशनावर सुरुवात, दुसऱ्या स्टेशनावर शेवट.

आपल्याला वाटतं, गाडी असताना ही माणसं चालतात कशाला? पण या घाटात स्टेशन ते स्टेशन चालणं रेल्वेइतकंच जुनं आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८५६ साली रूळ खोपोलीपर्यंत आले. १८५८ साली वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला बोरघाट मात्र तसाच राहिला. मग पुण्याला जाणाऱ्यानं खोपोलीला उतरायचं, घाट चढायचा आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसायचं. ऐपत असेल तो पालखीत किंवा तट्टावर बसे, कुणी बैलगाडीनं जाई, बाकीचे पायी. आणि पालखीत बसणारा आरामात असला, तरी पालखीचे भोई चालतच होते. अशी पाच वर्षं गेली.

त्याच काळात घाटात रूळ टाकायचं काम चाललं होतं. अंतर सुमारे २५ किलोमीटर, चढ साडेपाचशे मीटरचा आणि बोगदे २५. आजच्यासारखी यंत्रं नव्हती. पहार, छिन्नी, सुरुंगाची दारू आणि माणसाचे हात. १८६१ साली या घाटात एका वेळी ४०,००० हून अधिक मजूर होते. कुटुंबंच्या कुटुंबं कामावर येत. पुरुष खोदत, बायका आणि मुलं माती-दगड डोक्यावरून वाहत. राहायला गवताच्या झोपड्या. पटकीची साथ आली तेव्हा माणसं पटापट मेली.

मजुरीचंही रडगाणं होतं. पगार थकल्यामुळे १८५९ च्या सुरुवातीला मजूर खवळले आणि दंगा झाला. त्याच वर्षी पहिला ठेकेदार फॅव्हिएल काम सोडून गेला. सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रज ठेकेदारानं काम घेतलं, पण इथं आल्यावर थोड्याच दिवसांत तो आजारी पडून वारला. त्याची बायको अॅलिस परत निघून गेली असती, तर कुणी बोल लावला नसता. पण तिनं ठेका सोडला नाही. जाणकार इंजिनिअर हाताशी घेऊन तिनं काम पुढे नेलं आणि एप्रिल १८६३ मध्ये घाटातून गाडी सुरू झाली.

अॅलिसचं नाव इतिहासात राहिलं, याचा आनंद आहे. पण मैत्रिणींनो, तिच्याच ठेक्यावर पाटी उचलणाऱ्या आपल्या बायकांपैकी एकीचं तरी नाव आपल्याला ठाऊक आहे का? ठेक्याच्या कागदावर सही असते, पाटीवर नसते. म्हणून पुसलं गेलं.

राजमाचीवर उभं राहिलं की उल्हास नदीच्या दरीपलीकडे तोच लोहमार्ग दिसतो. गाडी बोगद्यात शिरते, बाहेर येते, पुन्हा शिरते. चालणारे फोटो काढतात. त्यांच्या पायाखालची वाट त्याहून कितीतरी जुनी. कोकणातल्या बंदरांवरून देशावर माल चढायचा तो याच घाटांनी, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला राजमाचीचा किल्ला. कोंढाण्याची बौद्ध लेणी तर दोन हजार वर्षांची.

आता पुन्हा उधेवाडीत या. तिथल्या घरांमध्ये चालून आलेल्यांना चुलीवरचं पिठलं-भाकरी मिळते. पूर्वी गावच्या बाईला चार पैसे हवे असतील तर ओझं घेऊन खाली उतरावं लागे. आता वाट चालणारा गिऱ्हाईक होऊन तिच्या दारात येतो. पण त्याच्याबरोबर प्लास्टिकच्या बाटल्या येतात, गोंगाट येतो, आणि बाहेरचा कुणी तंबू ठोकून धंदा करून जातो तेव्हा गावाच्या हाती नुसता कचरा उरतो. पायवाट गावाची असेल, तर तिथल्या जेवणाचे दर, मुक्कामाचे नियम आणि कचऱ्याची शिस्तही गावानंच ठरवायला हवी. ठरवायला बसाल तेव्हा चूल पेटवणारी बाई त्या बैठकीत असू द्या.

जाता जाता एक काम सांगते. पुढच्या गटाच्या बैठकीत सगळ्यात म्हाताऱ्या आजीला विचारा: तुम्ही स्टेशनला कुठल्या वाटेनं जायचात? डोक्यावर काय असायचं? करवंदं, जांभळं, मोळी, की दुधाची घागर? गाडी चुकली तर रात्र कुठं काढायचात? ती सांगेल ते बचतीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, आणि वर तिचं नाव घाला. पूर्ण नाव.

बोरघाटात जे राहून गेलं, ते आपल्या गावात राहायला नको.