तह रोमचा, शांती खेड्यातली

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोझांबिक आपल्याला अगदीच परका नाही. १७५२ पर्यंत तेथील पोर्तुगीज वसाहतीचा कारभार गोव्याच्या अधिपत्याखाली चालत असे. १९७५ साली हा देश स्वतंत्र झाला आणि दोनच वर्षांत फ्रेलिमो पक्षाचे सरकार व रेनामो ही बंडखोर संघटना यांच्यात यादवी पेटली. पुढील पंधरा वर्षांत सुमारे दहा लाख माणसे लढाईला, दुष्काळाला आणि रोगराईला बळी पडली.

या युद्धात शाळा व दवाखाने हेरून उद्ध्वस्त केले गेले. सरकारने खेडोपाडी उभारलेली आरोग्यकेंद्रे ही त्याच्या लोकमान्यतेची खूण होती. म्हणूनच ती रेनामोच्या डोळ्यांत सलत होती. देशातील जवळजवळ निम्मी प्राथमिक आरोग्यकेंद्रे नष्ट झाली किंवा बंद पडली. लस टोचणारी परिचारिका आणि अक्षरे गिरवून घेणारा शिक्षक शत्रूचे हस्तक ठरले.

बैराचे आर्चबिशप जाइमे गोन्साल्विस, रोममधील सांत एजिदियो समुदाय आणि इटालियन सरकारचा प्रतिनिधी यांच्या मध्यस्थीने ४ ऑक्टोबर १९९२ रोजी, असिसीकर संत फ्रान्सिसच्या सणादिवशी, रोममध्ये तह झाला. ही कथा ख्रिस्तसभेत अभिमानाने सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो.

तह झाला तरी रेनामोच्या ताब्यातील मुलुखात सरकारी माणूस पाऊल टाकू शकत नव्हता. तेथील कारभारात त्याच भागातील रहिवाशांना, मग ते रेनामोचे सदस्य का असेनात, नेमावे असे तहातच ठरले होते. आरोग्य खात्याने याहून पुढचे पाऊल उचलले. रेनामोच्या छावण्यांत जखमा बांधणाऱ्या सेवकांचे शिक्षण तुटपुंजे होते. त्यांना हाकलून न देता खात्याने प्रशिक्षण देऊन आपल्या सेवेत सामावून घेण्याची वाट काढली. कालचे वैरी एकाच सेवेचे सहकारी होऊ लागले. दरम्यान शेजारच्या देशांतून सुमारे सतरा लाख निर्वासित परतत होते. पेरलेले सुरुंग काढल्याशिवाय रस्ता नाही आणि रस्त्याशिवाय औषध नाही, अशी गत होती. देश सुरुंगमुक्त झाल्याची घोषणा व्हायला २०१५ साल उजाडले.

ही शांती निर्वेध राहिली नाही. २०१३ मध्ये पुन्हा चकमकी झडल्या आणि २०१९ मध्ये नवा करार करावा लागला. उत्तरेकडील काबो देल्गादो प्रांतात २०१७ पासून निराळ्याच बंडाने लाखो लोकांना बेघर केले. तेथील भूमीत माणिक आणि किनाऱ्यालगत नैसर्गिक वायू आहे. रहिवाशांच्या वाट्याला मात्र दारिद्र्य आणि उपेक्षाच आली.

क्षमेचा उपदेश आपण वेदीवरून ऐकतो. पण ज्याच्या घरातले कोणी मारले गेले, त्याला क्षमा पटण्यासाठी आधी एवढे तरी दिसावे लागते, की आपले तापाने फणफणलेले लेकरू घेऊन गेल्यावर दवाखान्यात कोणी विचारत नाही, ‘तू कोणाच्या बाजूचा?’