चुकलेला नेम पुन्हा चुकवायची सोय

नेमबाजीवर लिहायचा माझा अधिकार म्हणजे २५ पैकी ३. इंग्लंडमध्ये ऑनसाइट असताना टीमच्या सहलीत आम्हाला एका शेतावर क्ले पिजन शूटिंगला नेलं होतं, तिथला हा स्कोअर. बंदूक क्लबची, काडतुसं क्लबची, शेजारी उभा म्हातारा शिक्षक क्लबचा. नेम तेवढा माझा स्वतःचा.

आपल्याकडे नेमबाजी म्हटली की अंजली भागवत, तेजस्विनी सावंत आठवतात, किंवा २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य घेणारा स्वप्नील कुसाळे. म्हणजे रायफल. श्वास आवरायचा, पुतळ्यासारखं उभं राहायचं. छऱ्याच्या बंदुकीचं सगळं उलट. ११ सेंटिमीटरची, १०५ ग्रॅमची केशरी तबकडी भर्रकन समोरून जाते, आणि तुम्ही स्थिर झालात की मेलात.

शिक्षकाला मी विचारलं, यात कबूतर कुठे आहे? तो म्हणाला, पूर्वी असायचं. त्या एका उत्तरावर माझे पुढचे दोन वीकएंड वाचनात गेले.

अठराव्या शतकाच्या अखेरीला इंग्लंडात हा खेळ जिवंत कबुतरांवर चालायचा. जमिनीत खड्डा, त्यात कबूतर, वर जुनी टोपी पालथी घातलेली. दोरी ओढली की टोपी बाजूला आणि कबूतर हवेत. लंडनच्या पश्चिमेला ईलिंगमध्ये 'ओल्ड हॅट्स' नावाची एक खाणावळ होती, तिचं नाव या टोप्यांवरूनच पडलं म्हणतात. पुढे टोपीची जागा पेटीने घेतली, तिला ट्रॅप म्हणत. कबुतरं गेली, पण शब्द राहिले. आजही खेळाचं नाव ट्रॅप आणि आजही नेमबाज ओरडतो, "पुल!" १९०० च्या पॅरिसच्या स्पर्धांतसुद्धा जिवंत कबुतरं होती. बेल्जियमच्या लिऑन द लुंडेनने २१ मारून ती जिंकली, एकूण सुमारे ३०० पक्षी मेले. इंग्लंडने १९२१ मध्ये कायदा करून हा प्रकार बंद केला.

पक्ष्यांचं दुःख एका बाजूला ठेवू (ठेवू नये खरं तर). शिकणाऱ्याच्या बाजूनेही ही पद्धत भयंकर होती. एक कबूतर डावीकडे वळतं, दुसरं सरळ वर जातं, तिसरं उडायलाच तयार नसतं. नेम चुकला तर कोण चुकलं? वारा, कबूतर की मी? आमच्या धंद्यात जो बग पुन्हा घडवून दाखवता येत नाही त्याला हात लावायला कोणी तयार नसतं. इथे तर प्रत्येक बग एकदाच घडायचा आणि उडून जायचा!

अमेरिकेत १८६० च्या दशकात काचेचे गोळे उडवून पाहिले. गुळगुळीत काचेवरून छरे घसरत, म्हणून कॅप्टन बोगार्डस या नावाजलेल्या नेमबाजाने खडबडीत गोळे आणि ते फेकायचं यंत्र काढलं, १८७७ मध्ये पेटंट घेतलं. काही गोळ्यांत तर पिसं भरलेली असायची, फुटल्यावर पक्षी पडल्यासारखं वाटावं म्हणून! पण गोळा पक्ष्यासारखा तरंगत जात नाही, आणि मैदानभर काचा.

मग सिनसिनाटीचा जॉर्ज लिगोव्स्की. पोरं पाण्यावर चपटे शिंपले तिरके मारून टप्पे काढत होती, ते बघून त्याला कल्पना सुचली असं सांगतात. तळ्याकाठी खापऱ्या मारत ज्यांच्या सुट्ट्या गेल्या त्यांना वेगळं सांगायला नको, चपटी गोष्ट गरगर फिरत गेली की हवेवर तोललेली राहते. १८८० मध्ये त्याने भाजलेल्या मातीची तबकडी काढली. पहिल्या तबकड्या इतक्या टणक होत्या की छरे लागूनही फुटत नसत. नंतर चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखा पिच यांचं मिश्रण आलं. माती गेली, 'क्ले' नाव राहिलं.

मला सगळ्यात आवडलेला माणूस मात्र चार्ल्स डेव्हिस. मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हरचा, कुत्री पाळणारा, ग्राउज नावाच्या तित्तिरासारख्या पक्ष्याचा शिकारी. शिकारीत जे नेम चुकत तेच घरी येऊन पुन्हा मारता यावेत एवढीच त्याची गरज होती. १९२० च्या सुमारास त्याने २५ यार्ड त्रिज्येचं वर्तुळ आखलं, घड्याळासारख्या १२ जागा केल्या, बाराच्या आकड्यावर यंत्र ठेवलं. तबकडी नेहमी एकाच रेषेत जाणार, जागा बदलायची ती तुम्ही. प्रत्येक जागेवरून दोन नेम, उरलेला एक मधोमध उभं राहून. का, तर खोक्यात काडतुसं २५ असतात!

१९२३ मध्ये शेजाऱ्याने कोंबड्या पाळायला घेतल्या आणि अर्ध्या वर्तुळाकडे बंदूक रोखायची सोय गेली. (रिक्वायरमेंट चेंज, दुसरं काय.) डेव्हिसचा जोडीदार विल्यम फॉस्टर याने वर्तुळ अर्ध्यावर कापलं आणि समोर, सहाच्या आकड्यावर दुसरं यंत्र ठेवलं. डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे, सगळे नेम परत मिळाले. १९२६ मध्ये एका मासिकाने खेळाला नाव सुचवायची १०० डॉलरची स्पर्धा घेतली, ती गर्ट्रूड हर्लबट या बाईंच्या 'स्कीट'ने जिंकली. दुसऱ्या महायुद्धात विमानांवरच्या अमेरिकन तोफचींना हलत्या लक्ष्याच्या किती पुढे मारायचं ते स्कीटच्या मैदानावर शिकवलं गेलं. १९६८ पासून स्कीट ऑलिंपिकमध्ये आहे.

हे वाचून मी त्याच शेतावर पुन्हा गेलो, या वेळी स्वतःच्या पैशाने. शिक्षकाला म्हटलं, फिरायचं नाही, एकच तबकडी टाकत राहा. दहा टाकल्या, सात चुकल्या. तो दर वेळी एकच शब्द म्हणायचा, "मागे." घरी येऊन कागदावर हिशोब केला. साधारण २० मीटर जायला छऱ्यांना सेकंदाचे सहा शतांश लागतात, तेवढ्यात सेकंदाला २० मीटर वेगाची तबकडी सव्वा मीटरभर पुढे गेलेली असते. म्हणजे चार फूट पुढे मारायचं! आणि मी चाप ओढताना बंदूक थांबवत होतो, कारण नळीच्या टोकावरचा मणी बघत होतो. तबकडीकडे बघायचं, चाप ओढल्यावरही हात फिरताच ठेवायचा.

२०२४ च्या पॅरिसला मिश्र स्कीटमध्ये महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका यांचं कांस्य ४३-४४ ने गेलं. एक तबकडी. टीव्हीसमोर मी 'मागे!' असं ओरडलो आणि बायकोने माझ्याकडे पाहिलं.

माझा स्कोअर आता २५ पैकी १४ आहे. चार नंबरची जागा, जिथे तबकडी अगदी आडवी जाते, ती अजून चुकते. मागेच.