सतरा लाखांचा संप आणि आपण

मार्च २०२३ मध्ये राज्यातील सरकारी व निमसरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, तेव्हा प्रायश्चित्तकाळ चालू होता. १४ तारखेला सुरू झालेला तो संप २० तारखेला मिटला. मधल्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात मंडळी नेहमीप्रमाणे बोलत उभी होती. एक गृहस्थ तावातावाने म्हणाले, "यांना घरी बसवा. यांच्या जागेवर यायला हजार जण तयार आहेत." त्यांच्या आईची शस्त्रक्रिया संपामुळे लांबणीवर पडली होती, त्यांचा संताप मला समजत होता. त्यांच्यापासून चार हातांवर आमच्याच धर्मग्रामातील एक परिचारिका उभी होती. ती संपात होती. काही न बोलता तिने मुलाचा हात धरला आणि ती घरी निघून गेली.

ते पाहून मला दोन म्हातारे आठवले. तरुणपणी काही वर्षे मी मध्य रेल्वेवरील एका जंक्शनच्या गावी साहाय्यक धर्मगुरू होतो. गाव वाढले ते लोकोशेडमुळे, आणि चर्च उभे राहिले तेही रेल्वेत नोकरीस असलेल्या गोवेकर, मंगळुरी व अँग्लो-इंडियन कुटुंबांमुळे. दोन निवृत्त इंजीन ड्रायव्हर दर रविवारी मिस्साला येत. एक पहिल्या बाकावर बसे, दुसरा शेवटच्या. वीस वर्षांत ते एकमेकांशी बोलले नव्हते. नव्या धर्मगुरूच्या भाबडेपणाने मी समेटासाठी दोघांनाही बोलावले. पहिल्या बाकावरचे आलेच नाहीत. शेवटच्या बाकावरचे आले, बसले आणि म्हणाले, "फादर, चौऱ्याहत्तर साली तुम्ही कुठे होता?"

चौऱ्याहत्तर साली मी सहा वर्षांचा होतो, वसईत. आमच्या वाडीतली भाजी आणि केळी गाडीने मुंबईला जात. त्या मे महिन्यात गाड्यांचा भरवसा राहिला नाही, टोपल्या ओट्यावर पडून राहिल्या, आणि माझ्या आजीने समस्त रेल्वेवाल्यांना दिलेले शिव्याशाप तेवढे मला आठवतात. त्या संपाविषयी माझे ज्ञान बरीच वर्षे एवढेच होते. जंक्शनवरील म्हाताऱ्यांमुळे मला तो नीट वाचावा लागला.

८ मे १९७४ रोजी सकाळी सहा वाजता सुरू झालेल्या त्या संपाच्या हाकेमागे सुमारे सतरा लाख रेल्वे कामगार होते. जगाच्या कामगार इतिहासातील अतिशय मोठ्या संपांमध्ये त्याची गणना होते. लोकांच्या स्मरणात तो 'पगारवाढीचा संप' म्हणून राहिला, आणि पगार हे त्याचे कारण होतेच. १९७२ चा दुष्काळ, १९७३ च्या अखेरीस भडकलेले तेलाचे भाव, यांमुळे घाऊक किमती वर्षभरात वीस टक्क्यांहून अधिक चढल्या होत्या. मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासह हजारो स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या त्या याच महागाईविरुद्ध. तिसऱ्या वेतन आयोगाने १९७३ साली किमान पगार १८५ रुपये सुचवला. सरकारने तो १९६ केला. शिवाय बोनसचे शल्य होते. सरकारच्याच पोलाद कारखान्यातील कामगाराला ८.३३ टक्के किमान बोनस मिळे, परंतु तेथे कोळसा पोहोचविणाऱ्या रेल्वे कामगाराला बोनसच्या कायद्यातून वगळलेले होते. मालक एकच, आणि पंगतीत वाढताना मात्र असा भेद.

पण या सगळ्याच्या आधी प्रश्न होता तासांचा, आणि तो प्रवासी जनतेच्या कानांवर फारसा गेलाच नाही. इंजीन चालविणाऱ्यांचे काम इंग्रजी अमदानीतील नियमांनुसार 'सलग' वर्गात मोडे. गाडी ठिकाणावर पोहोचेपर्यंत ड्रायव्हर व फायरमन यांची सुटका नसे. मालगाडी सिग्नलपाशी तासन् तास उभी राहिली, तरी त्यांनी बॉयलरची आच राखत तेथेच बसायचे. बारा-चौदा तास ही काही अपवादाची गोष्ट नव्हती. लोकोशेडचा पोऱ्या मध्यरात्री दाराची कडी वाजवी. त्यानंतर घरचा माणूस केव्हा परतेल हे बायकोने विचारायचे नसे. याच कारणाने इंजीन कर्मचाऱ्यांनी मे आणि ऑगस्ट १९७३ मध्ये काम बंद केले होते. ऑगस्टनंतर सरकारने दहा तासांची मर्यादा मान्य केली, पण ती कागदावरून रुळांवर उतरेना. म्हणून १९७४ च्या मागण्यांत आठ तासांचा दिवस अग्रभागी होता.

शेवटच्या बाकावरील म्हाताऱ्यांनी मला एक जुनी वही दाखविली. कामावर हजर झाल्याची वेळ, सुटल्याची वेळ, एवढेच तीत लिहिलेले. पगाराचा आकडा तीत कुठेही नव्हता.

आता या संपाच्या पुढाऱ्यांविषयी. आपल्या समाजाला क्वचितच आठवते की १९७३ च्या अखेरीस ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनच्या अध्यक्षपदासाठी झालेल्या चुरशीत दोन्ही बाजूंना कॅथलिक घरांत जन्मलेली माणसे होती. पीटर अल्वारिस हे गोवा मुक्तिलढ्यातील नेते, १९६३ साली पणजीतून लोकसभेवर निवडून गेलेले, स्वभावाने वाटाघाटींचे. त्यांना हरविले जॉर्ज फर्नांडिस यांनी. मंगळूरच्या या मुलाला सोळाव्या वर्षी धर्मगुरू होण्यासाठी बंगळुरूच्या सेमिनरीत धाडले होते. तेथे रेक्टरांना चांगले जेवण आणि विद्यार्थ्यांना साधे, हा भेद आपल्याला सहन झाला नाही, असे ते सांगत. (मी सेमिनरीत गेलो तोवर सर्वांच्या ताटात एकच डाळ पडू लागली होती, ती चांगली होती असे मात्र मी म्हणणार नाही.) १९४९ मध्ये ते मुंबईत आले, चौपाटीवर झोपले, टॅक्सीवाले आणि पालिका कामगार यांचे पुढारी झाले, आणि १९६७ साली दक्षिण मुंबईत त्यांनी स. का. पाटलांना पाडले. पाटील तेव्हा केंद्रात रेल्वेमंत्रीच होते!

फर्नांडिस यांनी विखुरलेल्या अनेक संघटना फेब्रुवारी १९७४ मध्ये एका समन्वय समितीत आणल्या. काँग्रेसप्रणीत फेडरेशन तेवढे बाहेर राहिले. परंतु जनतेशी बोलताना त्यांची जीभ सैल सुटली, असे मला वाटते. संप सात दिवस चालला तर वीजकेंद्रे थंडावतील, दहा दिवस चालला तर पोलाद कारखाने बंद पडतील, पंधरा दिवस चालला तर देशाची उपासमार होईल, अशा आशयाचे त्यांचे भाषण गाजले. कामगारांना त्याने स्फुरण चढले असेल. रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला मात्र ती आपल्याच पोटाला दिलेली धमकी वाटली. सरकारने ते भाषण पुरेपूर वापरले. चौदा तास इंजिनावर उभ्या राहणाऱ्या माणसाची गोष्ट त्या भाषणाखाली गाडली गेली.

सरकारचे वागणे याहून वाईट होते. रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्र यांच्याशी दिल्लीत बोलणी चालू असतानाच २ मेच्या पहाटे फर्नांडिस यांना लखनौत अटक झाली. संप बेकायदा ठरविण्यात आला. भारत संरक्षण नियम आणि 'मिसा' यांखाली देशभर हजारो कामगार तुरुंगात गेले. सीमा सुरक्षा दल व प्रादेशिक सेना यांच्या मदतीने गाड्या हलविल्या गेल्या. रेल्वेच्या वसाहतींत पाणी आणि वीज तोडली, कुटुंबांना क्वार्टरबाहेर काढले. जंक्शनवरील वृद्ध मंडळींना ती मे महिन्याची दुपार आठवत होती: मालगाडीच्या सायडिंगशेजारी मांडलेले ट्रंक, भांडी, आणि कागदात गुंडाळलेली पवित्र हृदयाची तसबीर.

आणि जनता? सुरुवातीला काहींना सहानुभूती होती. जयप्रकाश नारायण यांनीही कामगारांची बाजू घेतली. पण बहुतेक मोठी वृत्तपत्रे संपाच्या विरोधात होती. सुटीत गावी निघालेली कुटुंबे अडकली, मुंबईच्या लोकल विस्कळीत झाल्या, चाकरमानी वैतागला. मग १८ मे रोजी पोखरणला अणुस्फोट झाला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर दुसरे काय असणार? संपाच्या बातम्या आतल्या पानांवर सरकल्या. २७ मे रोजी संप बिनशर्त मागे घेण्याचे ठरले आणि २८ तारखेच्या सकाळी लोक कामावर परतले. मागणी एकही मान्य झाली नव्हती. खंबीर सरकारचे कौतुक करणाऱ्यांत पगारदार मध्यमवर्ग मागे नव्हता.

पुढचे प्रकरण आपल्या घरांत कमी सांगितले जाते. संप मोडल्यावर सहा आठवडेही झाले नाहीत तोच, जुलै १९७४ मध्ये, सरकारने सक्तीच्या ठेवीचा वटहुकूम काढला. महागाई रोखण्यासाठी म्हणून सर्व नोकरदारांची नवी पगारवाढ संपूर्ण आणि वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग कापून सरकारी खात्यात अडकविण्यात आला. यात केवळ रेल्वेवाले नव्हते. बँकेतला कारकून होता, गिरणीतला जॉबर होता, शाळामास्तर होता. ओरड झाली, पण संप करील असे कोण उरले होते? जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. त्या सप्टेंबरात किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून पुन्हा ४ टक्क्यांवर आणला गेला. रेल्वे कामगारांनी मागितला, तेव्हा जो बोनस इतरांना अवाजवी वाटला, तो आता त्यांच्या स्वतःच्या पाकिटातून गेला.

आपल्या ख्रिस्तसभेची याबाबतची भूमिका संदिग्ध नाही. तेरावे लिओ यांनी १८९१ च्या परिपत्रकात संपांची कारणे सांगताना प्रथम कामाचे दीर्घ तास सांगितले आहेत, मग श्रमांचा जडपणा आणि अपुरा मोबदला. ही कारणे सरकारने वेळीच दूर करावीत, असेही त्यांनी बजावले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने संपाला शेवटचा, परंतु रास्त मार्ग मानले. दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली त्याला दोन मर्यादा घातल्या: समाजाच्या अत्यावश्यक सेवा बंद पडू नयेत, आणि संप राजकारणासाठी राबविला जाऊ नये. १९७४ चा संप या दुसऱ्या कसोटीला पूर्ण उतरला, असे मी म्हणणार नाही. पण सायडिंगशेजारी बसलेल्या बायकामुलांनी कोणते राजकारण केले होते?

संपकाळात कामावर राहिलेल्यांना सरकारने 'निष्ठावान' म्हटले. त्यांना आगाऊ वेतनवाढ मिळाली, काहींच्या मुलांना रेल्वेत नोकरी मिळाली. संपवाल्यांपैकी हजारो बडतर्फ झाले होते. १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांना परत घेण्यात आले. उत्पादकतेशी जोडलेला बोनस रेल्वेला १९७९ मध्ये मिळाला, आणि तो संपवाल्यांनी घेतला तसा निष्ठावानांनीही घेतला. तासांचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. जून २०२४ मध्ये दक्षिण रेल्वेतील लोको पायलटांनी आंदोलन केले, तेव्हाही त्यांची मागणी दहा तासांचीच होती.

माझ्या दोन म्हाताऱ्यांपैकी पहिल्या बाकावरचे निष्ठावान होते. पुढे एकदा ते स्वतःहून बोलले. त्या आठवड्यात त्यांची मुलगी विषमज्वराने अंथरुणाला खिळली होती आणि दारात शिपाई उभा होता: कामावर या, नाहीतर घर रिकामे करा. ते इंजिनावर चढले. दुसरे तीन वर्षे नोकरीविना राहिले. त्यांचा मुलगा पुढे आखातात गेला. "तो गाडीवर गेला याचा मला राग नाही, फादर," शेवटच्या बाकावरचे मला म्हणाले होते, "पोर आजारी होती, मला ठाऊक होते. पण पोराला नोकरी लागली तेव्हा त्याने चर्चच्या दारात पेढे वाटले. मलाही दिला." समेट माझ्याच्याने झाला नाही.

२०२३ च्या त्या रविवारनंतर काही दिवसांनी शस्त्रक्रियेवाले गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या आई बऱ्या झाल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी विचारले, "फादर, त्या सिस्टरला निवृत्तीनंतर नेमके किती मिळणार आहेत हो?" मी म्हटले, १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, एवढे मला माहीत आहे, आकडा तिलाच विचारा, ती तुमच्याच गल्लीत राहते. विचारतो म्हणाले. अजून विचारलेले नाही.