एक खाडी, अनेक हद्दी : वसईची खाडी, मीरा-भाईंदर आणि सामायिक समुद्राच्या रक्षणातील समन्वयाचा इतिहास

प्रस्तावना

उल्हास नदी राजमाचीच्या परिसरात सह्याद्रीत उगम पावते आणि सुमारे १२२ कि.मी. अंतर कापून अरबी समुद्रास मिळते. ठाण्याजवळ तिच्या पाण्यास दोन वाटा फुटतात. एक दक्षिणेकडे ठाण्याच्या खाडीत उतरते. मुख्य प्रवाह मात्र साष्टीच्या उत्तर कडेने घोडबंदर, भाईंदर असा पश्चिमेस वळून वसईच्या खाडीवाटे समुद्रात शिरतो. या मुखाच्या उत्तर तीरावर वसईचा किल्ला आहे आणि दक्षिण तीरावर धारावी बेट. मुंबईच्या मध्यभागातील धारावीशी या बेटाचा संबंध नाही. उत्तन, डोंगरी, गोराई, मनोरी ही गावे ज्या भूभागावर वसली आहेत, त्याचे हे जुने नाव होय.

ही दोन तीरे एकमेकांपासून सुटी नाहीत, हे चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत स्पष्टपणे दिसून आले. मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टी घेतली, तरी वसईस समुद्रमार्गे मिळणारी रसद तुटत नव्हती. १७३९ मध्ये धारावीचे ठाणे हाती आल्यावर खाडीच्या मुखावर मराठ्यांचा ताबा बसला आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. ज्याच्या हाती दोन्ही तीरे त्याच्याच हाती खाडी, हा लष्करी हिशेब त्या काळच्या सरदारांना ठाऊक होता. पुढील काळातील नागरी प्रशासनाने त्याच खाडीचे जे वाटप केले, त्याचा आणि त्यातून समुद्राच्या रक्षणात उभ्या राहिलेल्या अडचणींचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. समन्वय कोणत्या प्रदूषणाच्या बाबतीत साधला आणि कोणत्या बाबतीत साधला नाही, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

हद्दींची वाढ

मीरा-भाईंदर नगरपरिषद १२ जून १९८५ रोजी अस्तित्वात आली. तत्पूर्वी या भागाचा कारभार ग्रामपंचायतींकडे होता. मिठागरे, भातशेती आणि मासेमारी यांवर येथील आगरी, कोळी व ख्रिस्ती वस्तीचा निर्वाह चाले. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांनी आणि मुंबईतील घरांच्या भडकलेल्या किमतींनी हे चित्र पालटले. १९९१ च्या जनगणनेत सुमारे पावणेदोन लाख असलेली लोकसंख्या २००१ मध्ये ५ लाख २० हजारांच्या घरात गेली आणि २०११ मध्ये तिने ८ लाखांचा आकडा ओलांडला. २८ फेब्रुवारी २००२ रोजी नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. उत्तन व डोंगरी ही किनाऱ्यावरील गावे या शहराच्या हद्दीत आली. परंतु त्याच बेटावरील गोराई आणि मनोरी बृहन्मुंबई महानगरपालिकेकडेच राहिली. एकाच बेटाचा उत्तर भाग ठाणे जिल्ह्यात आणि दक्षिण भाग मुंबई उपनगर जिल्ह्यात, अशी ही स्थिती आहे.

उत्तर तीरावर ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. तोपर्यंत खाडीची दोन्ही तीरे निदान एका जिल्हाधिकाऱ्याच्या अधिकारात होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण झाल्यावर तेही राहिले नाही. नदीच्या वरच्या अंगास अंबरनाथ व बदलापूर या नागरी वस्त्या, त्यानंतर उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली, भिवंडी, ठाणे आणि अखेरीस मीरा-भाईंदर व वसई-विरार अशी ही साखळी आहे. अंबरनाथ, उल्हासनगर व डोंबिवली येथील कारखान्यांचे पाणी वालधुनी आणि उल्हास या नद्यांवाटे याच खाडीस येते. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण १९७५ पासून आहे. रस्ते, पूल आणि मेट्रो यांसाठी त्याने या हद्दी ओलांडल्या. खाडीचे पाणी हा मात्र त्याच्या कामाचा केंद्रविषय कधी झाला नाही.

भूमध्य समुद्राचा दाखला

सामायिक समुद्रासाठी अनेक सत्तांनी एकत्र येण्याचा एक आधुनिक प्रयोग मोठ्या प्रमाणावर भूमध्य समुद्रात झाला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने १९७४ मध्ये प्रादेशिक समुद्रांची योजना हाती घेतली. १९७५ मध्ये बार्सिलोना येथे भूमध्य कृती आराखडा मंजूर झाला आणि १९७६ मध्ये तेथेच करार झाला. ग्रीस व तुर्कस्तान, इस्रायल व अरब राष्ट्रे एका मेजाभोवती बसली, याचेच त्या वेळी कौतुक झाले. या इतिहासातील एक क्रम मात्र पुरेसा लक्षात घेतला जात नाही. १९७६ मध्ये करारासोबत जे दोन उपकरार झाले, ते जहाजांतून समुद्रात टाकला जाणारा कचरा आणि तेलगळतीसारखे आणीबाणीचे प्रसंग यांविषयी होते. शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांची घाण, म्हणजे जमिनीवरून समुद्रात जाणारे प्रदूषण, यावरील उपकरार होण्यास १९८० साल उजाडले आणि तो अमलात आला १९८३ मध्ये. भूमध्य समुद्रातील प्रदूषणाचा मोठा भाग जमिनीवरूनच येतो, हे जाणकारांना आधीपासून माहीत होते. तरीही विलंब झाला, कारण जहाजांस नियम लावणे स्वस्त होते आणि सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचा खर्च प्रत्येक राष्ट्राच्या तिजोरीवर पडणार होता.

अरबी समुद्राच्या या बाजूस दक्षिण आशियाई समुद्रांचा कृती आराखडा १९९५ मध्ये नवी दिल्ली येथे स्वीकारला गेला. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आणि मालदीव ही त्यातील राष्ट्रे असून कोलंबो येथील दक्षिण आशिया सहकारी पर्यावरण कार्यक्रम या संस्थेकडे त्याचे सचिवालय आहे. एकात्मिक किनारा व्यवस्थापन, तेलगळतीची पूर्वतयारी, मनुष्यबळाचा विकास आणि जमिनीवरील प्रदूषण अशी चार कामे त्यात अग्रक्रमाची ठरली. बार्सिलोनासारखा बंधनकारक करार येथे झाला नाही. चारांपैकी तेलगळतीच्या कामास पुढे निश्चित रूप आले. तेल व रासायनिक प्रदूषणाच्या प्रसंगी परस्परसाहाय्य करण्याच्या सामंजस्य करारास भारतीय मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मंजुरी दिली आणि तटरक्षक दलाकडे त्याची जबाबदारी सोपविली. स्वस्त ते आधी आणि महाग ते मागाहून, हा भूमध्याचा क्रम येथेही दिसतो.

जे साधले

मीरा-भाईंदरच्या किनाऱ्याचा इतिहासही याच क्रमाने वाचता येतो. तेलगळतीची राष्ट्रीय आपत्ती योजना १९९६ पासून तटरक्षक दलाकडे आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडले, पेट्या वाहून गेल्या, बंदराची वाहतूक थांबली. तेल रायगड आणि ठाणे खाडीच्या बाजूच्या खारफुटीत शिरले. नुकसान मोठे होते. परंतु कोणी पुढे यायचे याविषयी संभ्रम नव्हता. तटरक्षक दल, बंदर, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि जिल्हा प्रशासन यांच्या कामाची वाटणी आधी ठरलेली होती. मासळीच्या बाजाराने मात्र तेलाची वाट पाहिली नाही. गिऱ्हाइकांनी मासे घेणे सोडले आणि जेथे तेल पोहोचले नव्हते, तेथील कोळणींच्या पाट्याही पडून राहिल्या. समुद्र सामायिक असल्याचे हे प्रत्यंतर शासकीय अहवालांपेक्षा बाजाराने लवकर दिले.

पावसाळी मासेमारीबंदीचे उदाहरण अधिक बोलके आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या शाकारून ठेवण्याची कोळ्यांची जुनी रीत होती. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ ने राज्याला कायदेशीर बंदीचा अधिकार दिला. राज्याराज्यांच्या तारखा न जुळल्यास एकाच्या बंदीत दुसऱ्याचे ट्रॉलर येतात, हे ध्यानात घेऊन २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै हा ६१ दिवसांचा काळ केंद्राने निश्चित केला. ज्याची उपजीविका थांबते त्याला कारण पटलेले होते, म्हणून ही बंदी रुजली.

खारफुटीच्या बाबतीत न्यायालयाने पुढाकार घेतला. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. राज्यांनी आपले किनारा आराखडे केले नाहीत, म्हणून सर्वोच्च न्यायालयास १९९६ मध्ये त्यांना खडसावावे लागले आणि १९९८ मध्ये राष्ट्रीय व राज्य किनारा प्राधिकरणे नेमली गेली. भाईंदर, मीरा रोड परिसरात या काळात भराव घालण्याचे काम थांबले नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर ६ ऑक्टोबर २००५ रोजी राज्यभर खारफुटी तोडण्यास मनाई केली, खारफुटीभोवती ५० मीटरपर्यंत बांधकाम रोखले आणि सरकारी जमिनीवरील खारफुटी वनखात्याकडे सोपविण्यास सांगितले. २०१२ मध्ये वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष आला. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने खारफुटीचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरविला, तसेच कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विभागीय आयुक्ताच्या अधिकारात ठाणे, पालघर, मुंबई उपनगर हे तिन्ही जिल्हे येतात. खाडीच्या दोन्ही तीरांसाठी एकच टेबल उपलब्ध होण्याचा हा अलीकडच्या काळातील दुर्मीळ प्रसंग होय. अर्थात या टेबलावर झाडाचा विचार होतो, झाडाच्या मुळाशी येणाऱ्या पाण्याचा नाही.

डोल आणि शहर

उत्तनच्या मासेमारीत डोल जाळ्यास विशेष स्थान आहे. समुद्राच्या तळाशी खुंट रोवून त्यास हे पिशवीसारखे जाळे बांधतात. भरती-ओहोटीच्या प्रवाहाने त्याचे तोंड उघडे राहते आणि प्रवाहासोबत येईल ते आत शिरते. बोंबील, जवळा, मांदेली, करंदी ही त्यातील मुख्य मासळी. बोंबील बांबूंच्या वलांडीवर वाळत घातले जातात. डोल माशाच्या मागे जात नाही, पाणी जे आणेल ते घेते. त्यामुळे खाडीतून येणारा प्लास्टिकचा कचराही तिच्यातच अडकतो, मासळी निवडण्याआधी तो निवडावा लागतो आणि जाळी फाटतात. प्रदूषणाची पाहणी करण्यासाठी याहून चांगले साधन कोणत्या प्रयोगशाळेस मिळेल? परंतु डोलीत काय सापडले याची नोंद ठेवणारे एकही कार्यालय नाही.

समुद्राची वाटणी कोळ्यांना नवीन नाही. डोल रोवण्याच्या जागेस कव म्हणतात आणि कवींवरचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. उत्तन-वसईच्या कवी आणि पालघर-डहाणूकडील मच्छीमारांचे क्षेत्र यांच्यातील वाद अनेक वर्षे चालला, बैठका झाल्या, तणावही निर्माण झाला. हा वाद सुटला नाही म्हणून मच्छीमारांना दोष देणे सोपे आहे. तथापि आपल्या समोर नेमका कोण बसला आहे, हे या वादातील प्रत्येकास ठाऊक असते. सांडपाण्याच्या बाबतीत तेवढेही नाही.

डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण योजनेतून महानगर प्रदेशातील शहरांना भुयारी गटारांसाठी निधी मिळाला, मीरा-भाईंदरलाही मिळाला. प्रस्ताव शहरागणिक होते, मंजुरी शहरागणिक होती. खाडी एक असूनही तिच्यासाठी एकत्रित प्रस्ताव करण्याची सोय योजनेत नव्हती. उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणावर वनशक्ती या संस्थेच्या अर्जावरून राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने २०१५ मध्ये उद्योग आणि नागरी संस्था या दोहोंस जबाबदार धरले. मात्र त्या वादाचा रोख नदीच्या वरच्या पट्ट्यावर होता, मुखाशी बसलेल्या कोळ्यांच्या नुकसानीवर नव्हता. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१० मध्ये सुरू झालेला एकात्मिक किनारा व्यवस्थापन प्रकल्प गुजरात, ओडिशा व पश्चिम बंगाल या राज्यांत राबविला गेला; त्यात महाराष्ट्र नव्हता. शहराचा घनकचरा उत्तनच्याच धावगी डोंगरावर नेला जातो. म्हणजे पाण्यावाटे वरच्या शहरांची घाण आणि रस्त्याने स्वतःच्या शहराची घाण, अशी दोन्ही एकाच गावाच्या वाट्यास आली आहेत. गावाच्या विरोधाकडे शहरी वृत्तपत्रे बहुधा स्थानिक हट्ट म्हणून पाहतात. नकाशा समोर ठेवल्यास तसे म्हणणे अवघड जाते.

२०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने खाडीकाठची नियंत्रणरेषा १०० मीटरवरून ५० मीटरवर आणली. अंतर कमी झाले की भराव पाण्याच्या जवळ येतो आणि भरतीचे पाणी पसरण्यास जागा उरत नाही. मिठागरांच्या बंद पडलेल्या खाजणांवर याचा परिणाम सर्वांत आधी होणार आहे, कारण आजवर भरतीचे पाणी तेथेच विसावत आले.

या सर्व काळात खाडीच्या दोन्ही तीरांसाठी मिळून एक कार्यालय प्रत्यक्षात स्थापन झाले. १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले. ठाणे आणि पालघर अशा दोन जिल्ह्यांत, दोन महानगरपालिकांत पसरलेल्या या क्षेत्रात गुन्हेगार खाडी ओलांडून जातो, तेव्हा हद्दीचा प्रश्न उरू नये, असा त्यामागील हेतू होता. दोन महानगरपालिकांच्या सांडपाणी विभागांना मात्र एकत्र बसण्याचे असे कोणतेही वैधानिक ठिकाण नाही. दरवर्षी १ ऑगस्टला बंदी उठते, उत्तनच्या होड्या समुद्रात जातात आणि पावसाने वरच्या सर्व शहरांतून धुऊन आणलेले पाणी पहिल्याच ओहोटीस डोलीच्या तोंडाशी येते.