लाल कोट

वडिलांचा बँडचा कोट अजून आमच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे. रंग लाल, आता विटकरी झालेला. खांद्यावर सोनेरी झालर, पुढं पितळी बटणांच्या दोन रांगा. त्यातलं एक बटण कुठल्याशा वरातीत पडलं, तिथं आईनं सदऱ्याचं पांढरं बटण टाचलं. वडील म्हणायचे, "क्लॅरिओनेट धरली की ते हाताखाली झाकतं."

हा कोट आमच्याकडं आला कुठून, हे शोधायचं तर नगरच्या किल्ल्यापाशी जावं लागतं. 12 ऑगस्ट 1803 ला आर्थर वेलस्लीनं तो शिंद्यांकडून घेतला. पुढं पेशवाईचा निकाल लागला, किल्ल्यापलीकडं भिंगारला छावणी वसली आणि पलटणींची ये-जा सुरू झाली. पलटण म्हटली की बँड आलाच. ओळीत चालायचं, एका ठेक्यावर पाऊल टाकायचं, सगळ्यांचा पोशाख सारखा. लग्नातल्या बँडनं हे सगळं पलटणीकडूनच उचललं. हौस तशी त्याआधीचीही आहे. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजे भोसल्यांनी आपल्या दरबारात इंग्रजी वाद्यांचा बँड बाळगला होता, आणि ते वारले 1832 साली. म्हणजे बँड मराठी माणसाला नवा नव्हता. फक्त राजवाड्यातून तो आमच्या वस्तीत यायला वेळ लागला.

नगरकरांना बूथ हॉस्पिटल ठाऊक असतं. ते ज्या मुक्तिफौजेचं, तीही बँडवाल्यांचीच फौज. 1882 च्या सप्टेंबरात तिचे चार जण मुंबईत उतरले आणि वाद्यं वाजवत रस्त्यानं निघाले, म्हणून पोलिसांनी त्यांना पकडलं. वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आपल्याला निदान पकडत तरी नाहीत."

आमचं घर मातंग वस्तीतलं. हलगी घरात पिढ्यानपिढ्या. देवळातली सनई गुरवाची, ताशा मोहरमच्या सवाऱ्यांपुढं वाजायचा, आणि हलगी आमची; वाद्यांची वाटणीसुद्धा जातीबरहुकूम. बँडनं ही वाटणी थोडी मोडली, असं माझं मत आहे. वडिलांच्या अकरा जणांत चौघे मुसलमान होते, आणि युफोनियमवाल्याची जात मी कधी विचारलीच नाही. कोट घातला की सगळे सारखे दिसायचे. हलगीवाल्याला कुणी मास्तर म्हणत नसे. क्लॅरिओनेट हातात आली आणि वडील मास्तर झाले.

ती क्लॅरिओनेट मेरठची. देशभरातल्या बँडची पितळी वाद्यं तिथल्या जली कोठीच्या कारागिरांकडून येतात. आमच्याकडं लगीनसराईआधी आठवडाभर घरात चिंच आणि राखेचा वास असायचा, ट्रम्पेटं घासली जायची. क्लॅरिओनेटला मात्र वडिलांशिवाय कुणी हात लावायचा नाही. तिचे तुकडे सुटे करून ते धोतराच्या चिंधीनं आतून पुसायचे. पत्ती आधी तोंडात धरून भिजवायची, कोरडी पत्ती ओरडते. ती भिजेपर्यंत बोलायची सोय नसे, म्हणून कार्य निघण्याआधीचा अर्धा तास मास्तर नुसते डोळ्यांनी हुकूम द्यायचे.

नोटेशन कुणालाच येत नव्हतं. बुधवारी रात्री चहाच्या टपरीवर सिलोनची बिनाका गीतमाला लागायची, वडील कपबशी हातात तशीच धरून उभे. चाल डोक्यात बसवायची, घरी येऊन सारेगममध्ये मोडायची आणि ज्याच्या त्याच्या वाट्याचा तुकडा त्याला तोंडानं गाऊन द्यायचा. मास्टर इब्राहिम यांच्या क्लॅरिओनेटच्या तबकड्या वडिलांना वेदांसारख्या होत्या. 'नागिन' आला 1954 ला. त्यातली पुंगी खरी पुंगी नव्हतीच, कल्याणजींचं क्लॅव्हायोलिन आणि रवींची पेटी होती. वडिलांना हे अखेरपर्यंत माहीत नव्हतं. त्यांनी ती पुंगी ओठ सैल-घट्ट करून क्लॅरिओनेटवर काढली आणि पुढची तीस वर्षं नवरदेवाचे मित्र तोंडात रुमाल धरून त्यांच्यापुढं लोळले.

पण खरी कसोटी वरातीत नसते, अंतरपाटापाशी असते. मंगलाष्टकं चालू असताना अकरा माणसं श्वास रोखून उभी. मास्तरांची नजर भटजींच्या हातावर. पाट बाजूला होतोय तोवर पहिला सूर पडलाच पाहिजे. क्षणभर आधी पडला तर भटजी चिडणार, क्षणभर उशीर झाला तर व्याही. "वाजवा रे वाजवा" असं लोक ओरडतात, त्याच्या आत वडिलांचं वाजलेलं असे. मी मास्तर झालो तो शाळेत. पण इतकं अचूक काही मला बाकावरच्या पोरांकडून कधी करून घेता आलं नाही.

आणि मग पंगत. एका गावात आम्ही सकाळी आठला पोचलो. देवक, परण्या, अक्षता, सगळं वाजवून झालं. वऱ्हाड जेवलं, गाव जेवलं. आम्हाला मांडवाबाहेर लिंबाखाली बसवलं, तेव्हा साडेचार वाजले होते आणि बुंदी संपली होती. मी नऊ वर्षांचा. वडिलांनी जेवायला बसताना कोट काढून नीट घडी घातला आणि मांडीवर घेतला. मला वाटलं डाग पडू नये म्हणून. आता वाटतं, तो कोट घालून त्यांना तिथं बसायचं नव्हतं.

पुढं बँजो आला, मग ट्रॉलीवरचा डीजे. 2000 सालचे आवाजाचे नियम आहेत, रात्री दहाला भोंगा बंद करायचा, हे सगळ्यांना पाठ आहे. भिंती तरीही हादरतात. 2020 ची लगीनसराई टाळेबंदीत गेली आणि आमच्या भागातल्या किती तरी पोरांनी ट्रम्पेटं मोडीत घातली. पुण्यात सोलापूरकरांचा प्रभात बँड गणपतीपुढं मानानं वाजतो. खेड्यातल्या बँडला तो मान द्यायला गणपती मिळत नाही, लग्नच मिळावं लागतं.

क्लॅरिओनेट आता पुतण्याकडं आहे. तो वाजवतो, चांगली वाजवतो. तुमच्या घरी कार्य निघालं आणि बँडची सुपारी द्यायची ठरलीच, तर पैशाची घासाघीस खुशाल करा. फक्त त्याच वेळी त्यांच्या जेवणाची वेळही ठरवा, आणि ती बुंदी संपायच्या आधीची असू द्या.