हृदय निर्दोष, तरी धडधड

बदलापूरहून मुंबईकडे निघालेल्या सकाळच्या लोकलमध्ये एक शिक्षक उभे आहेत, असे समजू या. गाडीने अंबरनाथ सोडले आणि काहीही कारण नसताना त्यांच्या छातीत जोराने धडधडू लागले. श्वास पुरेना, हातापायांना मुंग्या आल्या, आता आपण मरणार असे वाटले. उल्हासनगरला ते कसेबसे उतरले. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला. तो अगदी स्वच्छ निघाला. ‘तुम्हाला काही झालेले नाही,’ असे सांगून त्यांना घरी पाठवण्यात आले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. महिन्याभरात त्यांनी लोकलने जाणे सोडले आणि मग नोकरीचाच प्रश्न उभा राहिला.

हे उदाहरण आम्ही रचलेले आहे, पण यातील प्रत्येक पायरी मानसोपचाराच्या पाठ्यपुस्तकात सापडेल. ‘काही झालेले नाही’ हे वाक्य मात्र खोटे आहे. या गृहस्थांना जे झाले आहे त्याला योग्य नाव मिळायला वैद्यकशास्त्राला शंभरहून अधिक वर्षे लागली. त्याचीच ही हकीकत.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात फिलाडेल्फियाच्या लष्करी रुग्णालयात डा कोस्टा नावाच्या डॉक्टरांकडे असे कितीतरी सैनिक येत. धडधड, छातीत दुखणे, धाप लागणे अशा त्यांच्या तक्रारी असत, पण तपासणीत हृदयाचा ठळक रोग सापडत नसे. अशा ३०० सैनिकांचा अभ्यास त्यांनी १८७१ साली प्रसिद्ध केला आणि या अवस्थेला ‘चिडके हृदय’ म्हटले. लढाईतील श्रमांनी हृदय थकते, असा त्यांचा तर्क होता. पहिल्या महायुद्धात हजारो ब्रिटिश सैनिक याच तक्रारींमुळे लढाईला निरुपयोगी ठरले. त्या वेळी नाव होते ‘सैनिकाचे हृदय’. थॉमस लुइस यांनी १९१८ साली त्याला श्रमाशी जोडणारे दुसरे नाव सुचवले. नावे बदलली तरी सगळ्यांची नजर हृदयावरच खिळलेली होती.

वास्तविक दुसरी वाट तोपर्यंत दिसू लागली होती. फ्रॉइड यांनी १८९५ साली ‘चिंता’ हा स्वतंत्र आजार मानावा असे सुचवले होते. (त्याचे जे कारण त्यांनी दिले ते पुढे टिकले नाही, पण वर्गीकरण टिकले.) वॉल्टर कॅनन यांनी भुंकणाऱ्या कुत्र्यापुढे ठेवलेल्या मांजराच्या रक्तात अॅड्रिनल ग्रंथींचा स्राव वाढतो हे प्रयोगाने दाखवले आणि १९१५ च्या ग्रंथात त्याचा अर्थ लावला. संकटात शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते. हृदय जलद चालते, स्नायूंकडे रक्त वळते, श्वास वाढतो. प्रत्यक्षात पळायचे नसताना श्वास वाढला, तर रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि चक्कर व मुंग्या येतात. आपल्या शिक्षकांचे शरीर बिघडलेले नव्हते. धोक्याची घंटा उत्तम चालत होती, फक्त ती भलत्याच वेळी वाजली होती. अखेर १९४१ साली, दुसरे महायुद्ध चालू असताना, पॉल वुड या हृदयरोगतज्ज्ञांनीच या तक्रारींचे मूळ श्रमात नसून भीतीत आहे असे सप्रमाण मांडले. हृदयाचे डॉक्टर हृदयाला निर्दोष ठरवतात, हा या इतिहासातला आम्हाला सर्वांत आवडणारा प्रसंग.

त्याच महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी बराकींची छावणी उभी राहिली होती. फाळणीनंतर याच बराकींत सिंधमधून आलेल्या सुमारे ९४ हजार निर्वासितांची सोय करण्यात आली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी पायाभरणी करून या वसाहतीचे उल्हासनगर झाले. सैनिकाच्या हृदयाबद्दल तोवर सत्तर-ऐंशी वर्षे लिहिले गेले होते. घरदार सोडून सैनिकांच्याच बराकीत राहायला आलेल्या माणसाच्या हृदयाबद्दल मात्र भारतीय मानसोपचाराने त्या काळात फारसे लिहिले नाही. फाळणीच्या मानसिक परिणामांवर संजीव जैन आणि आलोक सरीन या मानसोपचारतज्ज्ञांनी संपादित केलेला ग्रंथ आला तो २०१८ साली. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासूनचे, म्हणजे उल्हासनगरापासून फार दूर नव्हे. पण मनोरुग्णालयाची कल्पनाच तीव्र वेडाशी जोडलेली होती. नोकरी-धंदा करणाऱ्या, रात्री झोप न येणाऱ्या, छाती धडधडणाऱ्या माणसाने तिथे जायचे असते, हे त्याला कोण सांगणार?

अशा माणसांसाठी सर्वसाधारण रुग्णालयातला मानसोपचार विभागच उपयोगी पडणार होता. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विभागात एक धाडसी काम केले. चिंता व तत्सम तक्रारींसाठी, ज्यांना तेव्हा सरसकट ‘मज्जाविकृती’ म्हणत, त्यांनी पतंजलीच्या सूत्रांवर आधारलेली उपचारपद्धती बसवली. आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा आणि ध्यान अशा तिच्या पायऱ्या. योगाने बरे वाटते असे सांगणारे तेव्हाही पुष्कळ होते. वाहियांचे वेगळेपण असे, की त्यांनी तुलनेसाठी दुसऱ्या गटाला योगासारखे दिसणारे, पण महत्त्वाचा भाग वगळलेले व्यायाम दिले. औषधगोळीची परीक्षा घेताना साखरेची गोळी देतात, तसा हा नकली योग! १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत खऱ्या योगाच्या गटाला अधिक लाभ झाल्याचे नोंदले आहे. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हा मंडळींना या निष्कर्षापेक्षा त्या नकली योगाचेच कौतुक जास्त वाटते. आपल्या परंपरेबद्दल आदर असलेल्या माणसाने तिचीच अशी परीक्षा घ्यावी, हे विरळा.

तरीही या प्रयोगांतून ‘पॅनिक योगाने बरा होतो’ असे म्हणता येत नाही. रुग्ण थोडे होते हे एक कारण. दुसरे कारण नावाचे. ‘मज्जाविकृती’ या एकाच पिशवीत निरनिराळे आजार कोंबलेले होते. चरकसंहितेच्या विमानस्थानात मनाच्या विकारांत भय आणि चित्तोद्वेग वेगवेगळे मोजले आहेत. तेवढ्यावरून आजचे निदान तेव्हा ठाऊक होते असा दावा कोणी करू नये, पण पिशवी एकच नसावी ही जाण त्यात दिसते.

ती पिशवी उसवली एका औषधाने. न्यूयॉर्कमध्ये १९६० च्या आसपास डोनाल्ड क्लाइन हे इमिप्रामिन हे नवे औषध अति चिंताग्रस्त रुग्णांना देऊन पाहत होते. काही आठवड्यांनी रुग्ण म्हणत, की काही फरक नाही. परिचारिका मात्र सांगत, की आता हे लोक ‘मी मरतोय’ म्हणून आमच्याकडे धावत येत नाहीत. झटके थांबले होते, पण पुढचा झटका येईल ही धास्ती शिल्लक होती. म्हणजे झटका आणि सततची चिंता या दोन गोष्टी आहेत! १९८० च्या अमेरिकन वर्गीकरणात ‘चिंता मज्जाविकृती’ मोडून पॅनिक विकृती आणि सर्वसाधारण चिंता विकृती असे दोन भाग करण्यात आले. दरम्यान लिब्रियम (१९६०) आणि व्हॅलियम (१९६३) बाजारात आली होती. त्यांचा गुण तासाभरात दिसतो, आणि सवयही लागते. जुन्या चिठ्ठीवर ती वर्षानुवर्षे घेत राहणे धोक्याचे आहे. आज बहुधा सेरोटोनिनवर काम करणारी औषधे देतात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि तेवढ्यात धीर सोडणारे रुग्ण पुष्कळ असतात.

निदान करताना खरा पेच असतो तो साध्या भीतीचा. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीने बदलापूर परिसराची काय दशा केली ते ज्यांनी पाहिले, किंवा २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये जे हजारावर प्रवासी होते, त्यांच्या पोटात मुसळधार पावसाने गोळा आला तर तो आजार नव्हे, ती अक्कल आहे. हीच भीती पाऊस नसतानाही महिनोन्‌महिने टिकली, झोप, काम, शाळा बंद पाडू लागली, तर विचार करावा लागतो. परीक्षेच्या सकाळी पोट दुखणारा मुलगा आणि तीन आठवडे शाळेलाच न येणारा मुलगा यांत फरक आहे. तो फरक पालकांच्या आधी शिक्षकांच्या हजेरीपटावर दिसतो. निदान शिक्षकांनी करू नये. थायरॉइडचा विकार, रक्तक्षय हेही धडधड घडवतात आणि ते आधी तपासावे लागतात. पण ‘ढोंग करतोय’ हा शेरा तरी थांबवता येईल. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

आता पुन्हा आपल्या शिक्षकांकडे. डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली मांडले, की धडधडीचा अर्थ ‘मरण’ असा लावला की भीती वाढते, भीतीने धडधड वाढते आणि चक्र फिरत राहते. उपचारक आधी हे चक्र कागदावर काढून दाखवतील. मग पायऱ्या ठरतील. पहिल्या दिवशी फक्त बदलापूरच्या फलाटावर उभे राहायचे. नंतर दुपारच्या रिकाम्या गाडीने अंबरनाथपर्यंत, सोबत कोणी घेऊन. नंतर एकट्याने. नंतर उल्हासनगर, जिथे ते त्या दिवशी उतरले होते. धडधड सुरू झाली तर उतरायचे नाही, ती आपोआप ओसरेपर्यंत गाडीतच थांबायचे. आणि कल्याणला उतरायचे की पुढे जायचे, हे गाडीत बसल्यावर ठरवायचे नाही, ते आदल्या संध्याकाळी घरीच वहीत लिहून ठेवायचे.